पायाने गिरवलेली बाराखडी

राई, ता. ४ जानेवारी १९३७, सोमवार

मिठागराचा हिशेब बघणारे मेहताजी म्हणाले, "धाकू, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. रोज कायतरी लिहीत जा. पावसाच्या आधी काट्यावर माणूस बसवायचाय." म्हणून ही वही. जुनीच आहे, मागची पानं कोरी होती ती त्यांनी मला दिली.

काय लिहायचं ते सांगितलं नाही. तेव्हा आधी स्वतःचंच लिहितो. मी धाकू रामजी मांडवकर. गाव संगमेश्वराच्या पलीकडे डोंगरात. शाळा दुसरीपर्यंत, पुढे मास्तरच गाव सोडून गेले. मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टात, एका कंपनीत शिपाई होतो. पाकिटं पोचवता पोचवता त्यांच्यावरचे पत्ते वाचायला लागलो, तीच माझी पुढची शाळा. मग एके दिवशी बडे कारकून म्हणाले, तेवढ्याच पगारात मॅट्रिक पास शिपाई मिळतोय. तो दारात उभाच होता, माझा पट्टा घालून. त्याला तो सैल होत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

आता भाईंदरच्या खाडीकाठी या मिठागरात पाय देतोय. पाय देणे म्हणजे कोंडीतला, म्हणजे मिठाच्या वाफ्यातला, चिखल रांगेने तुडवत जायचं, पुढे, मागे, परत पुढे, तळ दगडासारखा होईपर्यंत. पायाचं बोट उमटलं तर मुकादम परत तुडवायला लावतो. मग वर खाडीचं पाणी घ्यायचं आणि उन्हाची वाट बघायची.

काट्याची जागा म्हणजे मीठ तोलून लिहायचं. सावली, खुर्ची, राहायला खोली. आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यातही काम. बाकी सगळ्यांना पाऊस लागला की घरी जायचंय. माझ्या घरी एका खाचराला दोन भाऊ आधीच आहेत. मी गेलो तर तिसरा नुसता बांधावर उभा राहील.

ता. ९ जानेवारी

आज एक जण कामाला म्हणून आला. इस्त्रीचा सदरा. म्हणाला, मॅट्रिक झालोय, कसलंही काम करीन. मेहताजींनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि वाटेला लावला.

मी विचारलं, का घेतला नाही? मेहताजींनी तपकीर ओढली. "देख धाकू. मुंबईमां बी.ए. झालेला ट्रामवर तिकिटं फाडतो. तिकिटं फाडायचा तो मॅट्रिकवाला शिपाई होतो. शिपाई होता तो माझ्याकडे चिखल तुडवतो. माझ्याकडला कुठे जाणार? खाडीत?" मग हसून म्हणाले, "शिकेला माणूस पाहुणा असतो. तिकडे जरा कुठे दार उघडलं की गेला. अर्ध्या सीझनला मी माणूस कुठून आणू? मला अडाणी पाहिजे. अडाणी टिकतो."

मला बरं वाटलं. मग थोडं वाईटही वाटलं, कारण 'अडाणी टिकतो' म्हणताना ते माझ्याकडेच बघत होते.

ता. १६ जानेवारी, शनिवार

नवा माणूस घेतला. नाव रामनाथ. माझ्यापेक्षा पाचसात वर्षांनी मोठा असेल. शाळा? नाही म्हणाला. अंगठा देताना सगळी बोटं एकदम शाईत घातली. मेहताजी खूश झाले.

रांगेत माझ्या शेजारी आहे. पाय इतके मऊ की चिखलातला शिंपला लागला तरी रक्त येतं. नाकावर दोन्ही बाजूंना दोन खड्डे आहेत, कोणी चिमटा काढून ठेवल्यासारखे. काहींना जन्मतःच असतं असं काही. लांबचं बघताना डोळे बारीक करतो. ऊन सोसत नसावं.

मी ज्या झोपड्यात राहतो तिथेच त्याची सोय लावली. जेवण लक्ष्मीकाकीकडे. काकी इथलीच, आगरी, नवरा मुकादमाच्या हाताखाली. तिने त्याला बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यो कुनाच्या घरचा रं? भाकर कशी मोडतंय बघ, जशी काय दुखंल तिला."

ता. २४ जानेवारी

संध्याकाळी पाय धुताना मी बांधावर अंगठ्याने माझं नाव काढत होतो. वहीत लिहिण्याआधी मी मातीत गिरवतो. रामनाथ बघत उभा राहिला. म्हणालो, "शिकायचंय?"

तो वाकून माझं नाव बघू लागला. मग म्हणाला, "शिकवशील?"

"शिकवीन की. हाताने नको, हात थकलेले असतात. पायाने काढ. पायाला आठवण पक्की राहते."

हे मी असंच बोललो, पण बोलून झाल्यावर मला ते खरं वाटलं. कडेच्या कोंडीचा तळ अजून ओला आहे. तिथे आम्ही अ काढला. त्याचा अ माझ्यापेक्षा बरा आला. मी म्हणालो, नशीब, पहिल्यांदा सगळ्यांचं येतं बरं. तो म्हणाला, "हो, मग बिघडत जातं." आणि दुसरा अ खरंच वाकडा काढला.

सकाळी रांग त्यावरून गेली. पुसलं सगळं.

ता. ७ फेब्रुवारी, रविवार

रामनाथची बाराखडी होत आली. मी काही मोठा मास्तर नाही, पण माझ्या हाताला गुण आहे असं वाटतंय. आमच्या मास्तरांनी मला जे शिकवायला वर्ष घेतलं ते मी त्याला पंधरा दिवसांत दिलं. कधी कधी मीच अडतो, जोडाक्षराला. मग तो गप्प उभा राहतो आणि हळूच विचारतो, "गुरुजी नसताना काय करायचं अशा वेळी?" आणि पायाने चुकत चुकत काढतो, आणि ते बरोबर असतं.

लक्ष्मीकाकीला सांगितलं. ती मासळी साफ करत होती. म्हणाली, "त्यो अडानी न्हाय."

"काकी, मी शिकवतोय ना त्याला."

"तू शिकवतंस ते खरं. पन अडानी मानूस येवढा गप नसतंय. अडानी मानूस तुज्यासारका असतंय." आणि स्वतःच हसत सुटली.

ता. १२ फेब्रुवारी

कोंड्यांत पाणी घेतलंय. आता थांबायचं.

दुपारी आगराकडे बघू नये म्हणतात. बघितलं की माणूस सैल होतो. पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ निघून जाते. खाडीवरचा रेल्वेचा पूल पाण्यापासून सुटतो आणि वर तरंगतो. बगळे उलटे चालतात. समोरून कोणी बांधावरून येत असेल तर त्याला पाय नसतात, नुसता कमरेपासून वरचा माणूस वाहत येतो.

मला एक स्वप्न पडतं, उघड्या डोळ्यांनीच, दुपारचं. आगराच्या मधोमध खुर्ची आहे. मी तिच्यावर बसलोय. पाणी चढतंय, सगळे बांध बुडाले, पण खुर्ची बुडत नाही. माझे पाय कोरडे आहेत. लांबून बडे कारकून होडीत बसून येतात आणि विचारतात, ही जागा कोणाची? मी म्हणतो, माझी.

रामनाथला सांगितलं. वाटलं हसेल. त्याने विचारलं, "खुर्चीला हात आहेत की बिनहाताची?" मी इतका विचार केला नव्हता. म्हणालो, आहेत हात. "मग चांगली जागा आहे," तो म्हणाला.

ता. २१ फेब्रुवारी, रविवार

उत्तनहून आयडाबाय सुकी मासळी घेऊन आली. ती ख्रिस्तांव, लाल लुगडं नेसून डोक्यावर पाटी घेऊन येते, सगळ्यांना शिव्या देत. रामनाथला बघून म्हणाली, "ह्यो माज्या वॉल्टरसारका दिसतो. माजा वॉल्टर मॅट्रिक झाला, पाद्रीबाबानी चिट्टी दिली, आता बोटीवर ताटं धुतो. मॅट्रिकची ताटं जास्त साफ निंगतात काय गो बाय?" सगळे हसले. रामनाथ हसला नाही, म्हणाला, "बोट कुठे जाते?" ती म्हणाली, "बसरा." त्याने मान हलवली, जसं काही त्याला बसरा कुठे ते ठाऊक.

बोंबील ज्या कागदात बांधून दिले तो इंग्रजी छापील कागद होता. बोंबील काढून झाल्यावर तो कागद घेऊन रामनाथ बराच वेळ बांधावर बसला. एकदा मोठ्याने हसला. मी विचारलं काय रे? दचकला. म्हणाला, "बाईचं चित्र आहे." नंतर चुलीत घालताना मी कागद उलटासुलटा बघितला. चित्र नव्हतं. ऊन त्यालाही लागतंय बहुतेक.

ता. २८ मार्च, रविवार

मीठ पडलं. आधी पाण्यावर साय धरते, मग ती फुटून खाली बसते, आणि कान लावला तर बारीक कडकड ऐकू येते. पहिल्या दिवशी मुकादमाने नारळ फोडला आणि सगळ्यांना ओलं मीठ जिभेवर ठेवायला दिलं. आता दिवसभर लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचं. सगळीकडे पांढरं. स्वप्नात चालल्यासारखं वाटतं, फक्त पाय जळतात.

परवा होळी होती आणि त्याच दिवशी ख्रिस्तांवांचा गुड फ्रायडे. एकीकडे गावात बोंब मारत होते आणि खाडीपलीकडून त्यांच्या देवळातल्या लाकडी घंटेचा खटखट आवाज. आम्ही बांधावर बसलो होतो. मी रामनाथला माझ्या पट्ट्याची गोष्ट सांगितली, मॅट्रिकवाला कसा उभा होता ती.

तो म्हणाला, "त्याच्या मनात तुझं वाईट नसेल."

"मनात काय का असेना. माझी जागा तर गेली."

"त्याच्या वरच्या जागी कोणी दुसरा बसला असेल."

"असेल. मग त्याने त्याच्याशी भांडावं. माझ्या पोटावर कशाला?"

होळीचा धूर आमच्याकडे आला. मग त्याने विचारलं, "तो पुन्हा भेटला तर काय करशील?"

"नाव विचारीन," मी म्हणालो. "त्या दिवशी त्याने नावसुद्धा सांगितलं नाही. दुसऱ्याचा पट्टा घालताना माणूस नाव तरी सांगतो."

मी उगाच जास्त बोललो असं आता वाटतंय. रामनाथ नंतर जेवला नाही.

ता. ११ एप्रिल

रामनाथचे पाय उलले. मिठाने भेगा भरून येतच नाहीत. लक्ष्मीकाकीने तेल आणि हळद गरम करून दिली. ताप आहे. दुपारी मी पाणी द्यायला गेलो तर तापात भराभर बोलत होता, इंग्रजीसारखं काहीतरी, थांबून थांबून, जसं कोणाला समजावून सांगतोय. मुंबईत राहिल्यावर कानावर पडतं ते असं वर येतं. आमची चुलती अंगात आलं की कानडी बोलायची, तिने कानडी माणूस बघितलाही नव्हता.

ताप उतरल्यावर मी विचारलं, घरी कोण आहे? म्हणाला, "आहेत. बायको आहे, तिच्या भावाकडे. त्यांना वाटतं मी हापिसात आहे."

मी म्हणालो, "माझ्या आईलाही तसंच वाटतं." आम्ही दोघे हसलो. मग तो भिंतीकडे वळला.

या पायांनी तो पुढचा सीझन काढणार नाही. मला दिसतंय.

ता. २५ एप्रिल, रविवार

मी मूर्ख आहे.

मेहताजींनी माझी वही बघितली. अक्षर सुधारलं म्हणाले. मी फुगलो. म्हणालो, मेहताजी, नुसतं सुधारलं नाही, मी एका माणसाला शिकवलंसुद्धा. तीन महिन्यांत, पायाने. आता तो घडघडा वाचतो. दुकानाची पाटी तर वाचतोच.

"कोण?"

"रामनाथ."

मेहताजींनी चष्मा वर केला. "अंगठेवाला? तीन महिन्यांत? मग डोकं तेज आहे एनुं. आण त्याला उद्या. काट्यावर कोण बसतं बघू. तू किंवा तो."

परत येताना मला खाडी दिसली नाही, बांध दिसला नाही. हे मी काय केलं? आपल्याच हाताने आपल्या खुर्चीत दुसरा बसवला. आणि मग दुसरा विचार आला की तो मिठात राहिला तर त्याचे पाय जातील. आणि तिसरा की गेले तर जाऊ देत. हा तिसरा विचार मी लिहून ठेवतोय, कारण मेहताजी म्हणाले आहेत रोज काहीतरी लिही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

त्याला सांगितलं. म्हणालो, तुला मिळालं तर मला आनंदच आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, डोळे बारीक करून, आणि ऊन तर नव्हतं.

"खोली मिळते?" त्याने विचारलं.

"मिळते. दार आहे तिला."

"बायकोला आणता येईल?"

"येईल की. आधीचा होता त्याचं कुटुंब तिथेच होतं."

तो त्या खोलीच्या दिशेने बघत बसला. कौलांवर शेवटचं ऊन होतं. मग म्हणाला, "धाकू, ती खुर्ची अजून दिसते का रे तुला?"

मी खोटं बोलणार होतो. पण तोंडातून खरंच गेलं. "रोज दिसते."

"हातवाली?"

"हातवाली."

ता. २६ एप्रिल, सोमवार

झालं. माझी लाज गेली, पण झालं.

मेहताजींनी पडवीत टेबल मांडलं होतं. दौत, टाक, कोरा कागद. आधी मला बोलावलं. मी नाव, गाव, तारीख लिहिली. शाई सांडली नाही.

मग रामनाथ. मेहताजी म्हणाले, "लिख भाय, तुझं नाव." त्याने टाक मुठीत धरला, आपण मीठ ओढायची फळी धरतो तसा. कागदावर टेकवला आणि तसाच उभा. शाईचा मोठा डाग पसरत गेला. मी मनातल्या मनात र काढत होतो, त्याला दिसेल म्हणून माझ्या पायाच्या बोटाने जमिनीवरही काढला. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटत होतं त्याने लिहावं. माझा विद्यार्थी होता तो.

तो म्हणाला, "मातीत येतं, मेहताजी. कागदावर हात चालत नाही." आणि टाक खाली ठेवून अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दिला. "हे येतं."

मुकादम हसला. मेहताजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वाह, मास्तर." माझे कान तापले. तीन महिने शिकवून हेच? मला त्याचा राग आला. जागा मला मिळाली तरी राग आला.

एक गोष्ट मात्र राहून राहून आठवते. टाक ठेवण्याआधी त्याने त्याचं टोक दौतीच्या काठाला हलकेच पुसलं, कोटातले बडे कारकून पुसायचे तसं. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. आम्ही तर चिखलात लिहीत होतो.

बाहेर आल्यावर म्हणाला, "आता पाय कोरडे राहतील तुझे." मी पुढे चालू लागलो.

ता. १६ मे, रविवार

मिठाच्या राशी पेंढ्याने झाकून झाल्या. माणसं गावाला निघाली. रामनाथ गावाला जात नाही. वरसाव्याकडे दगडाच्या खाणीवर माणसं हवीत म्हणे, तिकडे चाललाय. लक्ष्मीकाकी रागावली, "पायाचं चालनं धड न्हाय आनि दगडं फोडनार?" तिने त्याला तेलाची बाटली बांधून दिली.

काल मी भाईंदरच्या बाजारात जाऊन त्याच्यासाठी अंकलिपी आणली. माझा राग केव्हाच गेला होता. वाटलं, इतकं केलंय ते फुकट जाऊ नये. बांधाच्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर गेलो आणि तिथे ती त्याच्या हातात दिली. म्हणालो, "रोज एक ओळ गिरव. कागदाची भीती बाळगू नकोस, कागद काही खात नाही. आता सोडलंस तर सगळं जाईल."

त्याने दोन्ही हातांनी घेतली. पहिलं पान उघडलं. अ अननसाचा, आ आंब्याचा. डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघितलं. मग अंकलिपी कपाळाला लावली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेचना.

गरीब माणूस. त्याला कोणी कधी पुस्तक दिलं नसेल.

"नाही सोडणार, गुरुजी," म्हणाला. ते थट्टेने म्हटलं नव्हतं. मग वरसाव्याच्या वाटेने गेला. उन्हात आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग कमरेपर्यंत, मग नुसतं डोकं आणि गाठोडं तरंगत गेलं.

ता. २७ जुलै

खुर्चीला हात नाहीत. एक पाय आखूड आहे, खाली खापरी घातलीय. खोलीला दार आहे. गावाला कळवलं, आता खरंच हापिसात आहे. आई म्हणेल, मग इतके दिवस कुठे होतास?

आगर पाण्याखाली आहे. बांध दिसत नाहीत. मी कोरडा बसून बघत असतो. स्वप्न पडायचं बंद झालंय.

ता. १३ डिसेंबर, सोमवार

नवी भरती. मेहताजींना बसवत नाही, म्हणून नावं मी लिहून घेतो. त्यांचा नियम तोच. "विचार, किती शिकला. जास्त असेल तर गूळ-पाणी दे आणि रवाना कर."

वरसाव्याहून आलेल्या एका गाडीवाल्याला मी रामनाथचं विचारलं. तो म्हणाला, त्या नावाचा कोणी अडाणी आपल्याला माहीत नाही. एक रामनाथ होता, खाणीवरच्या पोरांना संध्याकाळी शिकवायचा, खडीवर बसून. लंगडायचा. आता कुठे आहे, ठाऊक नाही. मी म्हणालो, तो नसेल.

दुपारी रांगेत शेवटी एक जण उभा होता. माझ्याएवढाच. जुना सदरा घातला होता, पण सदरा त्याचा वाटत नव्हता.

"शाळा?"

"बघितली नाही."

मी वर बघितलं. त्याच्या नाकावर दोन्ही बाजूंना दोन खड्डे होते, मेहताजींनी चष्मा काढला की दिसतात तसे. मी कोण आहे ते दिसावं म्हणून त्याने डोळे बारीक केले होते. आम्ही दोघेही पडवीत होतो. सावलीत.

मी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मेहताजी आतून म्हणाले, "काय रे, कसा आहे?"

"अडाणी आहे," मी म्हणालो. "टिकेल."

टाक खाली ठेवला. ठेवताना टोक दौतीच्या काठाला पुसलं. ही सवय मला कधी लागली ते आठवत नाही. त्याच्यापुढे शाई सरकवली. त्याने सगळी बोटं एकदम घालायला घेतली. मी मनगट धरलं, नुसता अंगठा बाहेर काढला आणि कागदावर दाबला.

"नाव काय तुझं? नुसतं मला सांग." त्याने सांगितलं.

म्हटलं, संध्याकाळी पाय धुऊन कडेच्या कोंडीवर ये. मी अक्षरं शिकवतो, पायाने. त्याने आधी आपल्या पायांकडे बघितलं. "येईन," म्हणाला.

"पण सावकाश शीक," मी म्हटलं. "आधीचा होता, तो फार भराभर शिकला."